हँडल घट्ट धरू नये

मोटारीला स्वभाव असतो की नाही, हा प्रश्न मला सत्तरी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. पडायचे कारणही नव्हते. गोंदियाच्या एका शाळेत मी ३४ वर्षे गणित शिकवले आणि ती सगळी वर्षे सायकलवर काढली. पुढे मुलाने एक लहानशी मोटार घेऊन दिली. भाजी आणायला आणि हिला देवळात सोडायला मी ती चालवतो. तिचा स्वभाव गरीब आहे, एवढे मी सांगू शकेन. पण तो तिचा की माझा, हे मात्र मला सांगता यायचे नाही.

माझा थोरला भाऊ या बाबतीत अगदी निराळा. दादा १९७० साली डॉक्टर होऊन इंग्लंडला गेला आणि कॉव्हेंट्रीजवळच्या एका गावात दवाखान्यात लागून तिथलाच झाला. कॉव्हेंट्री हे जॅग्वार मोटारींचे माहेर. दादाकडे येणाऱ्या रुग्णांपैकी कितीतरी त्या कारखान्यात उमेद घालवलेले. त्यांचे गुडघे तपासता तपासता दादा मोटारी शिकला, आणि १९७८ साली त्याने एक जुनी, गर्द हिरव्या रंगाची जॅग्वार विकत घेतली. तेव्हापासून त्याच्या पत्रांचा क्रम ठरून गेला. पहिला परिच्छेद प्रकृतीचा, दुसरा मुलांचा आणि तिसरा जॅग्वारचा. वडील ती पत्रे मोठ्याने वाचीत, आणि तिसरा परिच्छेद आला की चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवीत.

निवृत्त झाल्यापासून दादा दर हिवाळ्यात महिनाभर आमच्याकडे येतो. डिसेंबर २०२४ मध्ये तो आला तो उतरलेला चेहरा घेऊनच. पायरीवर बूट काढता काढता म्हणाला, "जॅग्वार गेली रे!" स्वर असा, की लाखोरीच्या डाळीचे वडे तळणारी ही हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली आणि विचारू लागली, "भाऊजी, कोण गेलं?"

कोणी गेले नव्हते. झाले होते ते असे. त्याच्या आदल्या महिन्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जॅग्वार कंपनीने आपल्या नावाची अक्षरे बदलली आणि एक जाहिरात काढली. जाहिरातीत भडक रंगांचे कपडे घातलेली तरुण माणसे होती, गुलाबी खडकाळ देखावा होता. नव्हती ती फक्त मोटार. "लग्नाला गेलो, जेवलो, अक्षता टाकल्या, आणि नवरी कुठाय विचारलं तर म्हणे ती पुढच्या वर्षी येणार," दादा म्हणाला. यापुढे ही कंपनी फक्त विजेवर चालणाऱ्या गाड्या काढणार, असेही ठरले होते. इंग्लंडात तर नव्या जॅग्वार गाड्यांची विक्री त्याच महिन्यात थांबली.

एरवी परदेशातल्या एका महागड्या मोटारीचे हे दुःख गोंदियाच्या आमच्या ओसरीपर्यंत पोचण्याचे कारण नव्हते. पण वाचकांच्या ध्यानात असेलच, की जॅग्वार ही आता परक्याची राहिलेली नाही. २००८ च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने लँड रोव्हरसकट ती फोर्डकडून सुमारे २३० कोटी डॉलरांना विकत घेतली. म्हणजे तिचे माहेर कॉव्हेंट्री असले, तरी तिच्या भवितव्याचे कागद मुंबईला येऊ लागले. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरच्या आणि पुढे जॅग्वारच्याही गाड्यांची जोडणी होऊ लागली. त्या २००८ सालची एक गोष्ट दादा नेहमी सांगतो. कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा कारागीर रक्तदाब तपासून घ्यायला आला होता. बाही खाली करता करता त्याने विचारले, "डॉक्टर, तुमची माणसं तिला नीट ठेवतील ना?" दादा म्हणाला, "आमच्याकडे पाहुण्याला नीट ठेवायची पद्धत आहे." म्हातारा समाधानाने गेला. दादाच्या मनात मात्र त्या दिवसापासून बसले, की आपण जामीन राहिलो.

"९ ऑक्टोबरला रतन टाटा गेले," दादा म्हणाला, "आणि दीड महिन्याच्या आत पाटी बदलली." एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी अशा कार्यकारणाच्या दोरीने बांधलेल्या पाहिल्या, की गणिताच्या मास्तराला चैन पडत नाही. असल्या गोष्टी दीड महिन्यात ठरत नाहीत, त्यांना वर्षे लागतात, असे मी म्हटले. दादाने माझ्याकडे पाहिले, आणि मी पुढचे वाक्य वड्याबरोबर गिळले.

दादा आला की बोदलकशाला जायचे, हा आमचा जुना रिवाज. आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते, आणि १९५५-५६ च्या सुमारास त्यांचा मुक्काम तिथल्या तलावावर असे. दादा तेव्हा दहा वर्षांचा, मी पाचाचा. तिरोड्याकडून आत वळले, की धानाची शेते मागे पडतात, रस्त्याला साग आणि ऐन भेटू लागतात, आणि मग एकाएकी टेकड्यांच्या ओंजळीत धरलेले ते पाणी दिसते. अर्धा किलोमीटर लांबीचा, सुमारे १९ मीटर उंचीचा हा मातीचा बांध १९१७ साली पुरा झाला. भंडारा-गोंदियाचा हा सारा मुलूखच तलावांचा. बोदलकसा सरकारी आहे. पण गावोगावचे लहान तलाव मालगुजारांच्या काळचे. १९५१ साली मालगुजारी गेली, तेव्हापासून त्यांचे नाव पडले माजी मालगुजारी तलाव, आणि लोकांनी त्याचे केले 'मामा तलाव'. मालगुजार गेले, मामा राहिला.

त्या वर्षी मुलगाही पुण्याहून रजा घेऊन आला होता. तो मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याचे काम स्टिअरिंगचे. तो आला तो स्वतःची विजेची गाडी घेऊन, वाटेत ठिकठिकाणी वीज भरत, मुक्काम करत. "आमच्या वेळी बैलगाडीवाले असेच येत," दादाने त्याचे स्वागत केले. "दर दहा कोसांवर बैल सोडायचे."

"मोठे बाबा, बैलांना वैरण घालायला लागे, त्याचा धूर नव्हता निघत," पोरगा म्हणाला. त्या दोघांचे जमते ते असेच.

गाडीत दादा पुढे बसला, मी मागे. तिरोडा येईपर्यंत त्याने आम्हांला जॅग्वारचे कुळाचार सांगितले. मी ते आजवर तुकड्यातुकड्याने ऐकले होते. त्या दिवशी सलग ऐकले. विल्यम लायन्स नावाच्या एका तरुणाने १९२२ साली ब्लॅकपूलला मोटारसायकलींच्या बाजूला जोडायच्या साइडकार करायला सुरुवात केली. पुढे तो कॉव्हेंट्रीला आला आणि मोटारी करू लागला. कारखान्याच्या नावाची अद्याक्षरे 'एस. एस.'. महायुद्धाच्या अखेरीस ती अक्षरे हिटलरच्या पथकांमुळे कोणाला उच्चारवेनात, म्हणून १९४५ साली कंपनीने आपल्या एका गाडीचेच नाव स्वतःला घेतले, 'जॅग्वार'. आणि तिचे ते प्रसिद्ध सहा सिलिंडरांचे इंजिन! युद्धात कॉव्हेंट्रीवर बाँब पडत. कारखान्याला आग लागली तर विझवायला रात्री पहारा लागे. लायन्सने आपल्या निवडक इंजिनिअरांच्या पाळ्या मुद्दाम एकत्र लावल्या. हाइन्स, हॅसन, बेली अशी ती मंडळी आगीची वाट पाहत रात्र रात्र बसत आणि युद्ध संपल्यावर करायच्या इंजिनाचा खल करीत. १९४८ साली ते इंजिन जगापुढे आले आणि १९९२ पर्यंत तयार होत राहिले.

"चव्वेचाळीस वर्षं!" दादा म्हणाला. "त्याच जातीच्या इंजिनावर त्यांनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९५१ ते १९५७ मध्ये पाचदा जिंकली. आणि १९६१ ची ती ई-टाइप. सव्वा टनाच्या आसपास वजन, ताशी १५० मैलांचा दावा, आणि किंमत दोन हजार शंभर-दोनशे पौंड. जिनिव्हाच्या प्रदर्शनात बघ्यांची एवढी झुंबड, की एक गाडी पुरेना. नॉर्मन ड्युइस म्हणून त्यांचा चाचणी-चालक होता. त्याला हुकूम गेला, दुसरी गाडी घेऊन ये. तो कॉव्हेंट्रीहून निघाला तो रातोरात गाडी हाकत सकाळी जिनिव्हात हजर!"

"आणि आता?" मी विचारले.

"आता गेली."

मला राहवले नाही. मी मागून म्हणालो, "दादा, मी तुझी पत्रं जपून ठेवली आहेत. १९६८ साली कंपनी ब्रिटिश लेलँडच्या कडबोळ्यात गेली, तेव्हा तिचा स्वभाव गेला असं तूच लिहिलंस. १९८९ ला फोर्डने घेतली, तेव्हा पुन्हा गेला. २००१ मध्ये फोर्डच्या माँडेओ गाडीच्या सांगाड्यावर लहान जॅग्वार केली, तेव्हा तिसऱ्यांदा. २०१६ ला उंच बांध्याची एफ-पेस काढली, तेव्हा चौथ्यांदा. आणि आता पाचव्यांदा. एकच वस्तू पाचदा हरवली, तर मधे चारदा ती सापडली असली पाहिजे."

पोरगा आरशातून माझ्याकडे पाहून हसला. दादा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मास्तर तो मास्तरच." पण तो मनातल्या मनात आकडेमोड करीत होता, हे मला दिसत होते.

बोदलकशाला विश्रामगृहापाशी गाडी थांबली, तेव्हा अंगणातला कुत्रा उठलासुद्धा नाही. चौकीदार आतून आला तो दचकूनच. "साहेब, कधी आले जी? गाडीचा आवाजच नाही आला."

"ऐकलंस?" दादा मला म्हणाला. जणू खटल्यात साक्षीदार फुटला होता.

आम्ही पाळीवर जाऊन बसलो. डिसेंबरचे ऊन पाण्यावर पसरले होते. दूर मध्यभागी बदकांचे थवे काळ्या शाईचे ठिपके शिंपडल्यासारखे दिसत होते. चौकीदाराने चहा आणला. पोराने खिशातून फोन काढून दादाला एक चित्र दाखवले. जॅग्वारने त्याच महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेत मायामी इथे आपल्या नव्या विजेच्या गाडीचा नमुना मांडला होता; नाव 'टाइप झिरो झिरो'. एक गुलाबी, एक निळी. अंग सपाट, मागे काचेची खिडकी नाही, आणि पुढचे नाक लांबच लांब.

दादाने फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग थोडा तिरका धरला. "नाक एवढं लांब कशाला?"

"जॅग्वारची ओळख म्हणून, मोठे बाबा."

"अरे, ई-टाइपचं नाक लांब होतं, कारण त्याच्या पोटात सहा सिलिंडर एकामागे एक निजले होते. हिच्या नाकात काय आहे? इंजिनच नाही. लायन्स म्हणायचा, जॅग्वार कशाचीही नक्कल असू नये. तेच वाक्य यांनी आता जाहिरातीवर लावलंय, आणि नाक मात्र आजोबांचं लावून आले!"

इथे मी दादाच्या बाजूचा झालो. इतरांची नक्कल करू नये हे सगळ्यांनाच समजते. आपल्याच जुन्या चेहऱ्याची नक्कल ही अधिक फसवी, कारण ती घराण्याचा अभिमान म्हणून खपते. फोर्डच्या दिवसांतही हेच झाले होते. जाळी जुन्या वळणाची, दिवे जुन्या वळणाचे, आणि आतला सांगाडा दुसऱ्याच गाडीचा. उलट १९६८ साली, कंपनी लेलँडच्या ताब्यात गेली त्याच वर्षी, एक्सजे-६ आली. तिच्यासारखी मऊ, मुकी आणि तरीही चपळ गाडी त्या काळी शोधून सापडत नव्हती, असे जाणकार आजही सांगतात. फोर्डच्याच अमलात २००३ मध्ये ॲल्युमिनियमच्या अंगाची, वजनाला हलकी एक्सजे झाली. टाटांच्या काळात २०१३ ला एफ-टाइप आली. २०१८ ची आय-पेस तर विजेचीच होती, आणि २०१९ मध्ये ती जगातली त्या वर्षीची उत्तम गाडी ठरली. मालक आणि स्वभाव यांचा हिशेब काही जुळत नाही.

आणि तो जुळावा तरी का? ज्या पाण्याकडे पाहत आम्ही बसलो होतो, ते पाणी अडवले गेले तेव्हा हा मुलूख मध्यप्रांतात होता. वडिलांची नेमणूक झाली तेव्हा तो मध्यप्रदेश होता; १९५६ च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात आला, आणि १९९९ ला भंडाऱ्यातून निघून गोंदिया जिल्ह्यात गेला. दप्तरावरची पाटी चारदा बदलली. वडील म्हणत, पाटी बदलल्याने तलाव आटत नाही, गाळ साचला म्हणजे आटतो. आणि गाळ काही एका दिवसात साचत नाही.

"बरं, मला एक सांग," मी दादाला म्हणालो, "तो स्वभाव म्हणजे नेमकं काय रे? वेग म्हणावा, तर वेग आता सगळ्यांनाच आहे. आवाज म्हणावा, तर तुझी एक्सजे मुकी होती."

दादाने चहाचा पेला खाली ठेवला. "खड्डा कळायचा, पण लागायचा नाही," तो म्हणाला.

यापेक्षा चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. काही गाड्या अशा असतात, की त्यांत खड्डा कळतो आणि लागतोही. त्या तरुणांना आवडतात. काहींत तो लागत नाही आणि कळतही नाही; त्या श्रीमंतांना आवडतात. जॅग्वारचे सारे कसब या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पाळीवरून चालण्यात होते. बॉब नाइट नावाच्या तिच्या इंजिनिअराने यातच आयुष्य घालवले. कोणता हादरा माणसाच्या हाताला पोचू द्यायचा आणि कोणता रबराच्या गादीत जिरवायचा, याचा तो निवाडा करीत असे.

"तेच तर आम्ही करतो!" पोरगा उसळून म्हणाला. मग त्याने आम्हांला त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. पूर्वी स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची मदत असे. इंजिन चालू, की पंप फिरतोच. २०१० नंतरच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तो पंप काढून विजेची लहान मोटर बसवली. मदत लागेल तेवढीच वीज खर्च होते, इंधन वाचते. पण तेलातून हाताला जी बारीक थरथर पोचत असे, ती वाटेत अडू लागली. बीएमडब्ल्यूच्या भक्तांनी हीच तक्रार केली, पोर्शच्या भक्तांनीही केली; पोर्शच्या भक्तांनी तर २००२ साली तिने उंच बांध्याची केयेन काढली तेव्हाच सुतक धरले होते, आणि पुढे त्याच केयेनच्या पैशावर त्यांची लाडकी स्पोर्ट्स गाडी जगली. विजेच्या गाडीत वजनाची आणखी एक पंचाईत. आय-पेसचे वजन सुमारे २१०० किलो. बॅटरी तळाशी असल्याने गाडी वळणावर कलत नाही, हा फायदा. पण एवढे वजन सावरायचे, तर स्प्रिंगा ताठ ठेवाव्या लागतात.

"मग रस्त्याची खबर हाताला किती द्यायची, हे आता आम्ही ठरवतो," पोरगा म्हणाला. "बॉब नाइटने रबराने केलं, आम्ही गणिताने करतो."

"म्हणजे रस्ता बोलत नाही, तुम्ही रस्त्याचा आवाज काढता!"

"मोठे बाबा, रबरातून येणारा रस्ता तरी खरा कशावरून?"

दादा निरुत्तर झालेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यांतली ही एक. आणि त्याच वेळी पोराने, मोठेपणाने म्हणा की जिंकल्याच्या भरात म्हणा, खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या. पाळीखालच्या रस्त्यावर कोणी नाही. तुम्हीच चालवून सांगा."

दादाने हात पुढे केला नाही. तो दोन्ही हात मागे घेऊन बसला, लहान मुले औषध नको असले की बसतात तसा.

"मी गाडी सोडली," तो म्हणाला.

बदकांचा एक थवा उठून पुन्हा पाण्यावर बसला, तोवर कोणी काही बोलले नाही. मग दादाने सांगितले. तिकडे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो, आणि आपली नजर ठीक आहे, असे आपणच लिहून द्यावे लागते. कोणी तपासायला येत नाही. माणसाच्या सचोटीवर सोडलेले असते. दादाला काचबिंदू. समोरचे दिसते, पण कडेचे, जिथून एखादे पोर चेंडूमागे धावत येते तिथले, अंधुक झाले होते. "शेकडो म्हाताऱ्यांना मी खुर्चीत समोर बसवून सांगितलं, की आता किल्ली मुलाकडे द्या. काही जण रडले रे माझ्यापुढे. एक जण म्हणाला, डॉक्टर, पाय तोडा पण हे सांगू नका. आणि उन्हाळ्यात तो कागद माझ्या टेबलावर आला. तीन दिवस पेन हातात धरून बसलो. सही झाली नाही. मग गाडी विकून टाकली."

आम्हांला त्याने हे कळवले नव्हते. गाडी विकली उन्हाळ्यात. 'जॅग्वार गेली' हे तो सांगत होता डिसेंबरात. मला एकदम ओशाळल्यासारखे झाले. त्याच्या पाच तक्रारी मी पाढ्यासारख्या म्हणून दाखवल्या होत्या; पण पाचवी बाकीच्या चारांहून निराळी होती, हे मला कळले नव्हते. दादाची तक्रार खोटी नव्हती. त्या जाहिरातीवर जगभर लोक चिडले होते. त्या सगळ्यांचीच नजर काही अधू झाली नव्हती. पण आपल्या हातून एखादी वस्तू सुटली, की ती वस्तूच बिघडली असे म्हणणे किती सोपे जाते! तोही खड्डाच, तो आपल्याला कळतो, आणि लागू नये म्हणून आपण त्यावर जगाचे रबर घालतो.

दादानेच वातावरण हलके केले. पाळीकडे बोट करून तो पोराला म्हणाला, "या इथं तुझ्या आजोबांनी मला सायकल शिकवली. त्यांची मोठी सायकल, मी दांडीखालून पाय घालून. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. मी भीतीनं हँडल घट्ट धरायचा, आणि जितकं घट्ट धरीन तितकी सायकल हलायची. आजोबा मागून ओरडायचे, 'हँडल घट्ट धरू नको! रस्ता काय म्हणतो ते हाताला ऐकू दे.' चाळीस वर्षं जॅग्वारमध्ये तेच केलं बघ."

परतताना ऊन कलले होते. जंगलातला तो रस्ता काही ठिकाणी उखडलेला. दादा पुढच्या बाकावर डोळे मिटून बसला. मला वाटले, झोपला. पण थोड्या वेळाने तो डोळे न उघडता बोलू लागला, नाडीवर हात ठेवून रोग सांगावा तसा. "वळणावर अंग टाकत नाही. चांगलं आहे. ब्रेक लागताना मान पुढं जात नाही, तेही चांगलं. आत्ता डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं. मला पाठीला कळलं. तुझ्या हाताला कळलं का?"

पोरगा जरा थांबून म्हणाला, "थोडंसं."

"तू मुठी आवळून धरली असशील. हात सैल सोड."

पुढे अर्धा मैल कोणी बोलले नाही. एक खड्डा गेला. दुसरा गेला. "आता?" दादाने विचारले.

"कळलं, मोठे बाबा," पोरगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वादाचा सूर नव्हता. "पण अजून बरंच काम बाकी आहे आमचं."

"मग ते करा," दादा म्हणाला. "ड्युइसनं १९५२ पासून तेहेतीस वर्षं हेच केलं. गाडी चालवायची, परत यायचं, आणि सांगायचं, नाही, अजून नाही. असं सांगणारा माणूस त्या कारखान्यात आहे तोवर विजेनं काही बिघडत नाही. तो उठून गेला, की पेट्रोलनं काही वाचत नाही."

दादाच्या तोंडचा हा निकाल मी तेव्हाच मनात टिपून ठेवला. जॅग्वारने आपला स्वभाव घालवला का? मी हे लिहितो आहे तोवर त्या नव्या गाडीत बसण्याचा योग आम्हां तिघांपैकी कोणालाच आलेला नाही, आणि जी गाडी चालवली नाही तिचे पंचांग मांडणे बरे नव्हे. पण एवढे मला त्या दिवशी उमगले, की स्वभाव ही वारशाने मिळणारी वस्तू नाही. नाव मिळते, नाक मिळते, चिन्हावरची झेप घेणारी मांजर मिळते. स्वभाव मात्र दर पिढीत कोणीतरी हट्टाने नव्याने घडवावा लागतो, आणि तो घडला की नाही हे जाहिरात पाहून कळत नाही. रस्ता उखडलेला असावा लागतो. मुंबईतल्या धन्यांनी तेवढा एक हट्टी माणूस सांभाळला, तर कॉव्हेंट्रीच्या त्या म्हाताऱ्याला दादाने दिलेला शब्द फुकट जायचा नाही.

या दिवाळीत फराळाचा डबा पोचल्याचे सांगायला दादाचा फोन आला. प्रकृती ठीक, मुले ठीक. तिसरा परिच्छेद कोणता येतो म्हणून मी कान टवकारून बसलो. तो म्हणाला, "डिसेंबरात येतोय. चौकीदाराकडे सायकल आहे का, विचारून ठेव. पाळीवर एक चक्कर मारू."

"अरे, तुझे डोळे! एका बाजूला पाणी आहे तिथं."

"मी कुठं चालवणार आहे? तू चालव, मी मागं कॅरिअरवर बसतो. हँडल मात्र घट्ट धरू नकोस."